१ एप्रिलला ईआरपी सुरू होणार, पाचही विभागांच्या सह्या झाल्यात, आणि मला झोप नाही

हीट_नंबर
१७ फेब्रुवारी, रात्री ११:२०

मंडळी, लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आहे, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना. ग्रे आयर्न आणि थोडं एसजी, बिडाचेच दोन प्रकार. माणसं चारशेच्या आसपास, त्यातली निम्मी कंत्राटी. मी मूळचा मेथड्सचा माणूस, म्हणजे रनर-रायझरची (साच्यात लोखंड नेणाऱ्या वाटा आणि त्याचे जादा साठे) गणितं करणारा. पण "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं" एवढ्या पात्रतेवर मालकांनी गेल्या दिवाळीत ईआरपीचं (सगळ्या विभागांचं काम एकाच सॉफ्टवेअरवर) लोढणं माझ्या गळ्यात अडकवलं.

आजवर कारखाना तीन गोष्टींवर चाललाय: टॅली, पन्नासेक एक्सेल शीट आणि स्टोअरच्या आण्णांचं कच्चं रजिस्टर. १ एप्रिलला हे सगळं बंद करून खरेदी, स्टोअर, उत्पादन, डिस्पॅच, अकाउंट असं सगळं एकदम नव्या सिस्टमवर जायचंय. १ एप्रिलच का, तर नवं आर्थिक वर्ष. दुसरं कारण मला कुणी सांगितलेलं नाही.

यूएटी, म्हणजे वापरणाऱ्यांनी स्वतः घ्यायची चाचणी, झाली. पाच विभागांच्या पाच सह्या फाइलला आहेत. सह्या कशा झाल्या ते मी डोळ्यांनी बघितलंय. कन्सल्टंटच्या पोरानं एक कास्टिंग, एक गिऱ्हाईक, एक ऑर्डर, एक बिल असं करून दाखवलं, सगळं हिरवं झालं. "छान आहे" म्हणत सगळ्यांनी सह्या ठोकल्या. उत्पादनाच्या साहेबांच्या सहीवर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. कीबोर्डला त्यांचा हात लागलेला नाही.

परवा मी आण्णांना शेजारी बसवून एकच आयटम उघडला. एक बेअरिंग हाऊसिंग. सिस्टममध्ये भरलेला स्टॉक १,२४० नग. आण्णा बराच वेळ स्क्रीनकडं बघत बसले, मग म्हणाले, "सायेब, माल हाय. पर हितं न्हाई."

मग त्यांनी रजिस्टर उलटं केलं. मागच्या पानापासून उलटं लिहीत आणलेला भाग म्हणजे बाहेर गेलेला माल. ७०० नग गोकुळ शिरगावला मशीनिंगला. आणखी १६० तिथंच रिजेक्ट पडलेत, पण चलनावर अजून 'चांगले' आहेत. ९० परत आलेत, पण फेटलिंगला (ओतीव माल घासून साफ करायला) पडून आहेत आणि तिथं त्यांचं नाव 'हत्तीकान'. रॅकवर फक्त २९०. (आण्णा अजून जॉबवर्कच्या, म्हणजे बाहेर कामाला दिलेल्या मालाच्या, चलनाला 'सत्तावन एफ फोर' म्हणतात. एक्साइज जाऊन जीएसटी आला, त्यांचं एफ फोर गेलं नाही.)

मी कन्सल्टंटला विचारलं, जॉबवर्क कुठंय? म्हणाला, "सर, ते फेज टूमध्ये आहे."

आमचा निम्मा माल कुठल्याही दिवशी बाहेरच असतो! आणि जीएसटीत जॉबवर्कला दिलेला माल वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरून कर लागतो. ती सगळी तारीखवार खबर आज आण्णांच्या उलट्या पानांत आहे.

दुसरं दुखणं किलो आणि नग. आम्ही ओततो किलोवर, विकतो नगावर. ड्रॉइंगवर ४.२ किलो, काट्यावर कधी ४.३, कधी ४.३५. रनर-रायझर तुटून परत भट्टीत जातात. महिन्याअखेरीस सिस्टम म्हणणार की एवढे टन लोखंड चोरीला गेलं.

प्रश्न दोनच. तारीख पुढं ढकला हे मालकांना कुठल्या तोंडानं सांगू? आणि समजा ढकलली, तर त्या वेळात नेमकं करायचं काय? परत पाच सह्याच होणार असतील तर ढकलून उपयोग काय?

---

चिंचगुळ
१७ फेब्रुवारी, रात्री ११:४१

पहिला. चहाच्या डागासकट त्या सहीचा फोटो टाका. आमच्या हपिसात फ्रेम करून लावतो.

---

बॅकलॉग_काकू
१८ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

हीट_नंबर, मी पुण्यात वीसेक वर्षं हेच करतेय, म्हणून थोडं आगाऊपणानं विचारते. तुमच्या प्रोजेक्टमध्ये "नाही, आज सुरू करायचं नाही" असं म्हणायचा अधिकार कुणाकडे आहे? नावानिशी, कागदावर?

बहुतेक ठिकाणी तो कुणाकडेच नसतो. व्हेंडर नाही म्हणणार नाही, त्याचा हप्ता गो-लाइव्हला, म्हणजे सिस्टम सुरू होण्याला, अडकलेला असतो. विभागप्रमुख म्हणणार नाहीत, कारण उशिराचं खापर त्यांच्यावर फुटेल. मालकांना वाटतं, अडचण असती तर कुणीतरी बोललं असतं. अशी सगळी मंडळी एकमेकांकडं बघत बघत तारखेवर जाऊन आदळतात.

तेव्हा मालकांकडं "ढकला" म्हणत जाऊ नका. एक कागद घेऊन जा. त्यावर तीन-चार अटी: रॅकवरचा माल आणि सिस्टममधला माल शंभर आयटमांत जुळला पाहिजे, बाहेरच्या मालाचं प्रत्येक चलन सिस्टममध्ये दिसलं पाहिजे, एका दिवसाची खरी बिलं आणि ई-वे बिलं चाचणीत निघाली पाहिजेत. यातलं एक जरी झालं नाही तर सुरू करायचं नाही, यावर आजच सही घ्या. आज अजून कुणाची इज्जत पणाला लागलेली नाही. ३० मार्चला लागलेली असेल.

---

साडेतीन_टक्के
१८ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

ऑडिटरांच्या नावानं १ एप्रिल खपवतात, म्हणून ऑडिट करणारा माणूस या नात्यानं लिहितो: आम्हाला काहीही फरक पडत नाही. कुठल्याही महिन्याच्या १ तारखेला ओपनिंग (सुरुवातीच्या बाक्या) आणता येतं. ट्रायल बॅलन्स जुळवायचा, पार्टीवार बाकी जुळवायची, झालं.

उलट १ एप्रिल ही सगळ्यात वाईट तारीख. मार्चमध्ये अकाउंटचा माणूस जेवायला घरी जात नाही. स्टॉकटेकिंग, प्रोव्हिजन, बँकेचं स्टेटमेंट, टीडीएस. त्याच महिन्यात तुम्ही त्याला नवी सिस्टम तपासायला सांगता. तो तपासणार नाही, सही करेल. तुमच्या पाच सह्यांचं अर्धं कारण कॅलेंडरमध्येच आहे.

---

थेम्सकाठचा_गणू
१८ फेब्रुवारी, दुपारी ३:१२

काकूंच्या मुद्द्याला जोडून. इथे ब्रिटनमध्ये टीएसबी बँकेचं जे झालं, ते इतकं खणून काढलंय की कुणीही वाचून शिकावं.

ही बँक लॉइड्समधून वेगळी झाली, पण तिचं सगळं काम लॉइड्सच्याच सिस्टमवर चालायचं आणि त्यासाठी ती भाडं भरायची. २०१५ मध्ये स्पेनच्या सबादेलनं ती विकत घेतली. भाडं वाचवायचं म्हणून सबादेलच्या सिस्टमची ब्रिटिश आवृत्ती बनवून पन्नासेक लाख ग्राहक तिकडं न्यायचं ठरलं. तारीख नोव्हेंबर २०१७. ती जमली नाही, तेव्हा नवं वेळापत्रक आलं, २०१८ च्या पहिल्या तिमाहीचं. अखेर एप्रिल २०१८ मधल्या एका शनिवार-रविवारी जवळजवळ सगळं एका दमात हलवलं.

गंमत बघा, डेटा नीट गेला. खाती, शिल्लक, सगळं. ज्या यंत्रणेवर तो गेला ती कोसळली. सुमारे १९ लाख लोक आपल्याच खात्याच्या दाराबाहेर उभे. काहींना भलत्याचीच खाती दिसली. घडी पूर्ण बसायला डिसेंबर उजाडला. मुख्य अधिकारी सप्टेंबरमध्ये पायउतार झाले, आणि २०२२ च्या डिसेंबरात नियामकांनी ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड केला.

बँकेनं स्वतःच एका वकिली फर्मकडून चौकशी करून घेतली, तो अहवाल २०१९ चा. त्यातल्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात बसल्यात. एक, वेळापत्रक उजवीकडून डावीकडं आखलं होतं: शेवटची तारीख आधी, मग तिच्या मागं कामं कोंबत जायची. दुसरी, डेटा सेंटर दोन होती, दोन्ही एकाच वेळी चालणार होती, पण भार झेपतो का याची चाचणी एकाच सेंटरवर झाली. दोघांची रचना सारखीच आहे असं गृहीत धरलं होतं. ती नव्हती.

तुमच्या कन्सल्टंटचं ते एक कास्टिंग, एक गिऱ्हाईक वाचलं आणि हे दुसरं सेंटर आठवलं.

---

कॉन्फिग_कोंडिबा
१८ फेब्रुवारी, रात्री १०:५०

चला, कन्सल्टंटला शिव्या देऊन झाल्या असतील तर त्यांच्या वतीनं मी बोलतो. मीही तेच खातो.

जॉबवर्क फेज टूमध्ये का गेलं? पैजेवर सांगतो: भाव घासताना. पहिल्या कोटेशनमध्ये होतं. मालक म्हणाले, तीस टक्के कमी करा. सेल्सवाल्यानं जॉबवर्क आणि क्वालिटी फेज टूत ढकलून आकडा बसवला. त्या मीटिंगला आण्णा नव्हते, तुम्हीही नसाल. कागद उघडून बघा.

आणि सगळी चूक सिस्टमचीच असते असंही नाही. लिडलचं उदाहरण घ्या, जर्मन सुपरमार्केटवाले. २०११ मध्ये एसएपी या तयार ईआरपीवर जायचं काम काढलं, २०१८ च्या जुलैत गुंडाळलं. तोवर ५० कोटी युरो गेले असं तिकडच्या पेपरांत आलं. बरीच कारणं होती, पण एक ऐकून हसावं की रडावं कळत नाही. लिडल आपला स्टॉक खरेदीच्या किमतीनं धरायचं. तयार सॉफ्टवेअर विक्रीच्या किमतीनं धरायचं. लिडल म्हणालं, आम्ही बदलणार नाही, सॉफ्टवेअर बदला. मग त्या एका हट्टापायी आतली वायरिंग उचकटत बसले.

तुमच्याकडं प्रत्येक विभाग म्हणणार, "आमचं वेगळं आहे." त्यातलं खरंच वेगळं काय आणि नुसती सवय कुठली हे तुम्हालाच निवडावं लागेल. किलो-नग खरंच वेगळं आहे, फौंड्रीचा धंदाच तसा. पण खरेदीची इंडेंट तीन रंगांच्या कागदावर हवी, ही सवय. (आमच्या एका गिऱ्हाइकानं स्क्रीन गुलाबी करून मागितली होती, कारण त्यांची तिसरी प्रत गुलाबी. करून दिली. पैसे घेतले.)

अजून एक. उशीर झाला की मालक म्हणतील, व्हेंडरकडून आणखी पोरं मागवा. नको. सॉफ्टवेअरच्या कामांवर लिहिणारा फ्रेड ब्रुक्स १९७५ मध्येच सांगून गेलाय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर माणसं वाढवली की ते आणखी लांबतं. हिशेब साधा आहे. पाच माणसांत आपसात बोलायच्या जोड्या दहा. बारा माणसं केलीत की सहासष्ट. आणि नव्या पोरांना 'हत्तीकान' म्हणजे काय हे शिकवायला शेवटी आण्णाच बसणार.

---

हीट_नंबर
१९ फेब्रुवारी, रात्री ११:५५

कोंडिबा, तुमच्या तोंडात साखर नाही, मिरची पडो. कागद उघडला. जॉबवर्क पहिल्या कोटेशनमध्ये होतं.

---

जुना_भाऊसाहेब
२० फेब्रुवारी, सकाळी ६:१५

नमस्कार. मी निवृत्त तलाठी. ईआरपी मला कळत नाही. पण सातबारा हस्तलिखितावरून संगणकावर आला तेव्हा मी नोकरीत होतो, म्हणून लिहायचं धाडस करतो.

आधी आमच्याकडंही सह्याच झाल्या होत्या. डेटा भरणारी मुलं बाहेरची. त्यांना गट नंबर आणि हिस्सा यातला फरक माहीत नाही, पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) म्हणजे काय माहीत नाही. कुठं आण्यातला हिस्सा चुकला, कुठं मयताचं नाव तसंच राहिलं, कुठं वारसाची फेरफार नोंद मंजूर असून अंमल नाही. गावच्या सातबाऱ्यांवरच्या क्षेत्राची बेरीज मूळ क्षेत्राशी जुळेना. आणि आम्ही 'तपासले, बरोबर आहे' म्हणून सही केलेली. सही खोटी नव्हती हो. आम्ही वाचलं होतं. पण माणूस कागद वाचतो तेव्हा त्याला जे असायला हवं तेच दिसतं.

मग २०१७ मध्ये चावडी वाचनाची मोहीम निघाली. सातबारा गावात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा. गट नंबर, नाव, क्षेत्र. कुणाचं चुकलं असेल त्यानं तिथंच उठून सांगायचं. माझ्या गावात एका म्हातारीनं मला मध्येच थांबवलं, "भाऊसाहेब, ती विहीर आमच्यात निम्मी हाय, तुमी ती समदी धाकल्याच्या नावानं वाचली." तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कानानं चूक पकडली.

मग त्या चुका तहसीलदारांकडून जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली आदेश घेऊन दुरुस्त केल्या. दुरुस्त्यांचे ढीग होते. पण प्रत्येक दुरुस्तीमागं आदेश होता. संगणकात कुणी परस्पर आकडा फिरवायचा नाही, हे बंधन फार कामाचं.

तुमच्या स्टोअरमध्ये चावडी वाचन करून बघा.

---

चिंचगुळ
२० फेब्रुवारी, सकाळी ८:०२

भाऊसाहेब, दंडवत. एरवी टवाळकी करायला येतो, आज गप्प बसतो.

---

रूळ_बदलणारा
२० फेब्रुवारी, दुपारी १:४०

सगळं एकदम की टप्प्याटप्प्यानं, यावर रेल्वेवाल्याचे दोन शब्द. आरक्षण संगणकावर आलं ते १९८५ मध्ये दिल्लीत. मग मुंबई, कलकत्ता, मद्रास, सिकंदराबाद अशी आपापली वेगळी केंद्रं. ती पाचही एका जाळ्यात पूर्ण जोडली गेली १९९९ मध्ये. मधली वर्षं प्रवाशांना त्रासाची होती, परतीचं तिकीट काढणं ही एक कथाच असायची. पण खिडकी कुठलीच बंद पडली नाही.

टप्प्यांचा तोटाही सांगतो. जुनं आणि नवं यांच्यातला सांधा कुणीतरी रोज हातानं भरतो. तो माणूस कोण, हे आधी ठरवा. नाहीतर तो आपोआप ठरतो, आणि तो सगळ्यात गरीब माणूस असतो.

---

कॉन्फिग_कोंडिबा
२० फेब्रुवारी, रात्री ९:२०

रूळवाल्यांशी सहमत. दोन्हीकडं नोंद करायचा काळ सहा आठवड्यांच्या वर नेऊ नका. लोक थकतात, मग जुन्यातच खरी नोंद करतात आणि नव्यात महिन्याअखेरीस भरती करतात. तसला डेटा नसलेला बरा.

---

हीट_नंबर
६ एप्रिल, रात्री १०:३०

उशीर झाला, माफी असावी. जे झालं ते सांगतो.

काकूंचा कागद घेऊन मालकांकडं गेलो. शिव्या खाल्ल्या. "मग मी पैसे कशाचे दिले?" मी काही बोललो नाही, पहिलं कोटेशन पुढं ठेवलं आणि जॉबवर्कच्या ओळीवर बोट. भाव त्यांनीच घासला होता. बराच वेळ पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "आण्णाला बोलव."

आण्णा रजिस्टर घेऊन आले आणि मालकांसमोर उलट्या पानांवरून वाचायला लागले. कुठल्या वर्कशॉपकडं काय पडलंय, किती महिन्यांपासून. तीन चलनं अकरा महिन्यांची निघाली. वर्ष भरायला काही आठवडे उरलेले. त्याच दुपारी टेम्पो गेला.

तारीख १ जुलै झाली. त्यात फक्त खरेदी, स्टोअर आणि जॉबवर्क. उत्पादन आणि अकाउंट ऑक्टोबरात. जॉबवर्कचे जादा पैसे मालकांनी मोजले, थोडे व्हेंडरनं सोसले. रूळवाल्यांच्या सांध्यावर आण्णांना बसवलेलं नाही, त्यांच्या हाताखाली एक आयटीआयचा मुलगा दिलाय, पगारासकट.

आणि भाऊसाहेब, चावडी वाचन केलं. सलग चार शनिवार, दुसरी पाळी सुटल्यावर, स्टोअरच्या शेडमध्ये. मी मोठ्यानं आयटमचं नाव आणि आकडा वाचायचो. समोर आण्णा, फेटलिंगचा मुकादम, पॅटर्न शॉपचे मिस्त्री, डिस्पॅचची पोरं. पहिल्या शनिवारी सगळे हसत होते. "६२०५ झेडझेड, बावीस नग." पुढं दोन पानांनी, "६२०५-२झेड, नऊ नग." मेंटेनन्सचा फिटर म्हणाला, "अहो, ते एकच की! कंपनी वेगळी, बेअरिंग तेच." अशी डुप्लिकेट काढता काढता अकरा हजार आयटमांचे साडेसहा हजार झाले. एकेका कास्टिंगला चार-चार नावं होती: ड्रॉइंगचं, पॅटर्नचं, गिऱ्हाइकाचं आणि पोरांनी ठेवलेलं. चौथं नावही आता सिस्टममध्ये आहे. 'हत्तीकान' टाइप केलं की हाऊसिंग येतं. कन्सल्टंटचा पोरगा आधी नाही म्हणत होता, आता स्वतःच तेच टाइप करतो.

दुरुस्तीसाठी एक साधी वही ठेवलीय. कोणी, काय, का बदललं, खाली आण्णांची सही. आमचं कलम १५५ समजा.

---

जुना_भाऊसाहेब
७ एप्रिल, सकाळी ५:५०

वाचून बरं वाटलं. वही जपून ठेवा. पुढं भांडण होईल तेव्हा तीच उघडावी लागते.

---

बॅकलॉग_काकू
७ एप्रिल, सकाळी ८:१५

छान. आता एक कटू काम. उत्पादनाच्या साहेबांना मुद्दाम एक चाचणी स्वतःच्या हातानं करायला लावा. चहा नंतर द्या.

---

थेम्सकाठचा_गणू
११ जुलै, दुपारी ४:०५

१ जुलै होऊन गेली. हीट_नंबर, जिवंत आहात का? आणि त्या किलो-नगाचं काय केलंत?

---

हीट_नंबर
१२ जुलै, रात्री ११:१०

आहे जिवंत. पहिल्याच दिवशी दोन तास गेटवर गाड्या उभ्या होत्या. प्रिंटरवर चलन कागदाच्या आडव्या बाजूनं छापून येत होतं. तेवढं एकच कुणी तपासलं नव्हतं. बाकी चाललंय.

किलोचं असं: उत्पादन ऑक्टोबरात येईल, पण तयारी आत्ताच सुरू केलीय. प्रत्येक हीटमधले (भट्टीच्या एका वितळीतले) दहा नग काट्यावर टाकायचे, महिन्याच्या सरासरीनं सिस्टममधलं वजन बदलायचं. रनर-रायझरला वेगळा आयटम कोड दिला, त्याचा डबा भट्टीत जायच्या आधी तोलायचा. जूनमध्ये कागदावर करून बघितलं. मोठी तफावत गेली, थोडी अजून राहते. वितळताना जळून जातं ते किती धरायचं यावर मिस्त्रींचं आणि माझं रोज भांडण चालू आहे. ते म्हणतात चार टक्के, मी म्हणतो अडीच. इथं कुणी इंडक्शन फर्नेसवाला असेल तर सांगा, तुमच्याकडं काय धरता?